जर्मनीच्या वेळेतले पाहुणे

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला निपाणीचे पाहुणे आले, तेव्हा मी डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालून अंगणात बसलो होतो. यात माझी काहीही चूक नव्हती, हे मी आजही सांगतो. ऐकत कुणी नाही, ही गोष्ट वेगळी.

मी बेळगावात एका कारखान्यात खरेदी बघतो. (नाव सांगत नाही, नोकरी अजून करायची आहे.) गेल्या उन्हाळ्यात मालकांनी ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आणलं. आमचा बराचसा माल जर्मनीला जातो, म्हणून ते बसवणाऱ्या महाभागानं अख्ख्या कंपनीची डीफॉल्ट वेळ जर्मनीची ठेवली. अहो, माल जर्मनीला जातो, आम्ही जातो का? आम्ही खासबागेतून डबा घेऊन येतो! ज्याला भारताची वेळ हवी त्यानं म्हणे आपापल्या सेटिंगमध्ये जाऊन ती निवडायची. स्वतःच्या देशात बसून स्वतःच्या देशाची वेळ मागून घ्यायची, असा हा कारभार.

त्याच आठवड्यात सोमवारी बेळगुंदीहून अण्णांचा, म्हणजे वडिलांचा फोन आला. शनिवारी अकराला पाहुणे सरिताला बघायला येणार होते. सरिता शाळेत शिकवते आणि तिला नोकरी सोडायची नाही. आधीची दोन स्थळं त्याच मुद्द्यावर मोडली होती. हा मुलगा बेळगावातच कॉम्प्युटरवर काम करणारा, आणि तिच्या नोकरीला त्याची हरकत नव्हती. हेही मोडलं तर आपण पुन्हा कुणासमोर बसणार नाही, असं सरितानं बजावून ठेवलं होतं.

मी तिथल्या तिथे ऑफिसच्या कॅलेंडरात नोंद केली: पाहुणे, शनिवार, अकरा. बुधवारी ऑफिसातल्या एका मुलीनं आम्हा सगळ्यांकडून सेटिंग बदलून घेतलं. मीही दोन बटणं दाबून भारतात आलो आणि चहा प्यायलो.

शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर आठवण आली: पाहुणे, उद्या, अडीच वाजता.

मला तर अकरा आठवत होतं. पण माणूस विसरतो, मशीन विसरत नाही, अशी माझी तेव्हा श्रद्धा होती. मी अण्णांना फोन लावला आणि वेळ अडीचची आहे म्हणून सांगितलं.

"अकरा रं," अण्णा म्हणाले. "राहूकाळ साडेधाला संपतोय म्हणून मीच अकरा सांगितलंय. भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिवून ठेवलंय की."

"अण्णा, भिंतीवरचं कॅलेंडर तुमच्या हातचं. हे कंपनीचं हाय."

निपाणीला एक फोन करून विचारतो, असं ते म्हणाले. तेही मी करू दिलं नाही. मुलीकडच्यांनी वेळ विचारायला फोन करायचा, म्हणजे आपण किती गबाळे दिसणार, असं मी त्यांना सुनावलं. शिकलेल्या मुलापुढे अण्णा गप्प बसतात. त्यांचा हा एकच दोष.

शनिवारी मी बायकोला घेऊन बेळगुंदीला पोचलो. अडीचला भरपूर अवकाश होता. अण्णा उसाला पाणी पाजायला गेले. आईनं पोहे भिजवलेसुद्धा नव्हते. सरिता गोठ्यात शेण काढत होती. मी डोक्याला आणि मिशांना कलप लावला, वर पिशवी बांधली आणि बनियनवर अंगणात वाळत बसलो.

अकराच्या ठोक्याला दारात जीप थांबली. सात माणसं उतरली. मुलाच्या आईनं माझ्याकडं निरखून बघितलं आणि माझ्या आईला हळूच विचारलं, "हे आजारी हाईत काय हो?"

मी तोंड उघडलं तर कलप ओठावर आला. मुलाचे चुलते उंबऱ्याबाहेरच थांबले. नको असेल तर आधी सांगायचं होतं, आमचा वेळ घालवायचा नव्हता, असं म्हणून ते जीपकडं वळले. बहिणीचं तिसरं स्थळ माझ्या डोळ्यांदेखत निघून चाललं होतं आणि मला धड बोलताही येत नव्हतं.

तेवढ्यात सरिता गोठ्यातून आली. दोन्ही हात शेणानं भरलेले.

"पाहुणे अडीचला येणार म्हणून निरोप आलता," ती म्हणाली. "दादाच्या कॉम्प्युटरनं धाडलाता. बसा, मी हात धुऊन येते."

मुलगा थांबला. त्यानं माझा मोबाइल मागितला, दोन मिनिटं चाळला आणि म्हणाला, "दादा, नोंद केलीसा तवा तुमी जर्मनीत हुता. मग भारतात आलासा. नोंद बी साडेतीन तास पुढं सरकली."

यावर आधी सरिता हसली, मग तो, मग त्याची आई. चुलते शेवटी हसले, पण बसले. अण्णा बांधावरून धावत आले ते चिखलाच्या पायांनीच. आणि मला कुणी सांगेल का, त्या यंत्रानं माझी नोंद सरकवायच्या आधी मला एका शब्दानं विचारायला काय हरकत होती? हा प्रश्न मी त्या दिवशी सगळ्यांना विचारला. उत्तर म्हणून बायकोनं मला आरसा दाखवला. कलप ठरल्यापेक्षा जास्त वेळ राहिला होता आणि मिशांबरोबर वरचा ओठही काळा झाला होता.

लग्न ठरलं. सरिताची नोकरी चालू राहणार, हे त्याच बैठकीत पक्कं झालं. महिन्याभरानं पत्रिका छापून आली. अक्षता, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटं. खाली कंसात, ठळक अक्षरांत: भारतीय वेळेनुसार.

मी भडकलोच. वऱ्हाड निपाणीचं, कार्यालय बेळगावातलं, मग हे कुणासाठी छापलं म्हणून अण्णांना जाब विचारला.

अण्णांनी शांतपणे एका पत्रिकेला हळदीकुंकू लावलं आणि ती माझ्या हातात दिली.

"ही तुझी," ते म्हणाले.