सोललेल्या तोंडाला हळद

कलावतीला आपल्या गिऱ्हाइकांची तोंडं आवडत नसत आणि ती तसं तोंडावर सांगायची. डोंबिवलीतल्या बाकीच्या पार्लरवाल्या गोड बोलून बायकांना खुर्चीत बसवायच्या. ही हातात आरसा द्यायची आणि म्हणायची, "नाकावर बघा काय पीक आलंय. रात्री तोंड न धुता झोपता ना?" बायका ओशाळायच्या, घरी जाऊन तिच्या नावाने बोटं मोडायच्या आणि पुढच्या महिन्यात मुकाट परत यायच्या.

विष्णूनगरातल्या तिच्या दोन खोल्यांपैकी आतली खोली म्हणजे पार्लर. मागे कलणारी एक खुर्ची, वाफेचं भांडं, आयब्रोचा दोरा आणि दाराला फुलाफुलांचा पडदा. वॅक्सिंग, ब्लीच आणि एकच फेशियल, त्यालाही काही नाव नव्हतं. क्रीमने मालिश, वाफ, काळे ठिपके काढणं आणि वर मुलतानी मातीचा लेप. एवढ्याने तोंड साफ होतं, त्यापलीकडे जगात कुठल्याही फेशियलने काही होत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

ती मूळची ठाण्याच्या कोळीवाड्यातली. लग्न होऊन इथे आली तेव्हा शेजारणी विचारायच्या, "तुमच्याकडे रोज मासे लागतात का हो? वास नाही येत?" त्याच शेजारणींच्या वरच्या ओठाची लव आता ही दोऱ्याने उपटत होती. त्याचं तिला जे सुख होतं ते ती लपवत नसे.

अठ्ठ्याण्णव साली समोरच्या नव्या बिल्डिंगमध्ये उत्तरा नावाच्या बाईने एसी पार्लर उघडलं. काचेच्या दारावर पाटी लटकत होती, 'ॲडव्हान्स्ड फेशियल'. खाली गोल्ड, पर्ल, ओझोन आणि आणखी काय काय. कलावती कपडे वाळत घालताना ती पाटी वाचायची आणि नाक मुरडायची.

"सोनं लावतेय म्हणे तोंडाला," ती नवऱ्याला म्हणाली. "एवढं सोनं असतं तर ह्या भवान्यांनी गळ्यात नसतं का घातलं?"

"पण जातात ना तिकडे," सुधीर जेवता जेवता म्हणाला. सुधीर कमी बोलायचा, पण बोलला की नेमकं वर्मावर बोट ठेवायचा. तिची चार-पाच नेहमीची गिऱ्हाइकं खरोखरच रस्ता ओलांडून गेली होती.

तरीही ती हटली नसती. हटली ती रतनसाठी. रतन म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीची, जनाबाईची मुलगी. कलावतीला मूलबाळ नव्हतं. साऱ्या जगाच्या तोंडात खोट काढणाऱ्या ह्या बाईला ह्या एका सावळ्या तोंडात कधी खोट दिसली नाही. रतनचं लग्न कल्याणजवळच्या मोहने गावातल्या मुलाशी ठरलं. सुपारी फुटली त्या दिवशी मुलाची आई सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरगी नाकीडोळी नीटस आहे. रंग तेवढा जरा उजळला तर बरं." तुमचा लेक काय दुधात भिजवून काढलाय का, असं कलावतीच्या अगदी ओठावर आलं होतं, पण जनाबाईने तिच्या दंडाला चिमटा काढला.

बोलणं रतनच्या मनाला लागलं. ती मावशीकडे आली आणि म्हणाली, "मावशी, मला तुझं ते साधं फेशियल नको. काहीतरी ॲडव्हान्स्ड कर. नाहीतर मी समोर जाते."

सख्ख्या मावशीचं पार्लर असताना नवरी परकीकडे गेली, ही बातमी कोळीवाड्यात पोचायला वेळ लागला नसता. तिथल्या लग्नाच्या मुली कलावतीकडेच यायच्या, त्या साऱ्या मग समोर गेल्या असत्या. पण त्याहून जास्त तिला झोंबलं ते हे, की तिच्या रतनला आपलं तोंड वाईट वाटायला लागलं होतं. त्याचा राग त्या मोहन्याच्या बाईवर काढता येत नव्हता. "समोर जायचं नाही," ती म्हणाली. "जे काय करायचं ते मी करीन."

कल्याणहून मधु नावाचा एक जण पार्लरचं सामान विकायला यायचा. त्याला तिने बोलावून घेतलं. तो दोन बॅगा घेऊन आला आणि एकेक डबी काढून मांडायला लागला.

"हे गोल्ड, वहिनी. सगळ्यात जास्त चालतं."

"सोनं किती आहे ह्यात?"

"सोन्याचा अर्क आहे."

"अर्क तर तू आहेस. ठेव आत."

त्याने मोत्याची पूड काढली. कलावतीने चिमूट बोटांवर घासली. "मधु, मी कोळ्याची पोर आहे. हे शिंपल्याचं पीठ आहे. आमच्याकडे कोंबड्यांना घालतात."

मग निघालं करंटचं मशीन. दोन रूळ, त्यांना वायरी, म्हणे ह्याने क्रीम कातडीच्या आत जातं. "आमच्याकडे शुक्रवारी दिवसभर लाइट नसते," ती म्हणाली. "अर्धं तोंड सकाळी करू आणि अर्धं संध्याकाळी?" मग कातडी ओढून मळ काढणारा काचेचा पेला. तो तिने बाहेर पेपर वाचत बसलेल्या सुधीरच्या मानेवर लावून बघितला. मानेवर असा काही लालभडक गोल उमटला की बिचारा त्या आठवड्यात कॉलर वर करून ऑफिसला गेला, आणि तिथल्या लोकांनी त्याला या वयात चांगलंच पिडलं.

शेवटी मधुने एक छोटी बाटली काढली. फळांच्या आम्लाचं पील. वरची मेलेली कातडी निघते, खालची नवी वर येते, असं त्याने सांगितलं. कलावतीने एक थेंब मनगटावर घेतला. चुणचुणलं. जरा वेळाने जागा लाल झाली.

तिचा चेहरा खुलला. बाकी सगळी थापेबाजी होती, हे निदान चावत तरी होतं. खोटेपणाची तिला इतकी चीड होती की जे दुखतं ते खरं, असं तिने धरून टाकलं. निरुपद्रवी होतं ते सारं तिने हसून बाजूला सारलं आणि नेमकं जपून वापरायचं ते उचललं. "हेच दे," ती म्हणाली.

"वहिनी, हे सरसकट कुणालाही करू नका हां," मधु म्हणाला. "नंतर ऊन चालत नाही. आठवडाभर घासायचं नाही, तोंडाला काही लावायचं नाही."

"मला शिकवू नकोस," कलावती म्हणाली.

हळदीच्या दोन दिवस आधी तिने रतनला पील केलं. भांड्यात उरलं ते वाया कशाला घालवा, म्हणून स्वतःच्या तोंडाला फासलं. दोघी लाल तोंडांनी आरशासमोर बसून हसल्या. "साबण नाही, क्रीम नाही, पावडर नाही, उन्हात फिरायचं नाही," असं तिने रतनला बजावलं. रतनने सगळं पाठ केलं. हळदीची आठवण दोघींना झाली नाही. कलावतीच्या लेखी हळद ही तोंडाला लावायची वस्तूच नव्हती. हळद म्हणजे लग्न. तिला पार्लरच्या हिशेबात धरायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. तिच्या जागी शेजारची कुणी देशस्थीण असती तर विसरूनही फारसं बिघडलं नसतं, कारण त्यांच्यात हळद बोटाने लावतात. कोळीवाड्यात ती अंगाला रगडतात.

हळदीच्या दिवशी दुपारी ती ठाण्याला पोचली तेव्हा दारात मांडव भरला होता. धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती. मोहन्याहून नवऱ्या मुलाची आई त्याची उष्टी हळद घेऊन दोघी-तिघींबरोबर आली होती. रतन पाटावर बसली होती आणि तिचं तोंड खरोखरच तुकतुकीत दिसत होतं. मुली तिच्या गालाकडे बघून कुजबुजत होत्या, "तिच्या मावशीनं केलंय." कलावतीची छाती फुगली. उत्तराची पाटी आता तशीच लटकत राहणार, असं तिला वाटलं.

तेवढ्यात रतनची आत्या बायजा हळदीची परात घेऊन आली. पहिला मान आत्याचा. बायजाचा जन्म मासळी विकण्यात गेलेला, हाताला घट्टे पडलेले. तिने मूठभर तेल-हळद घेतली आणि रतनच्या गालावर दाबून हात फिरवला. रतन अशी किंचाळली की गाणं थांबलं.

कलावती पुढे धावली आणि तिने बायजाचं मनगट धरलं. "तोंडाला नको, आत्या. हातापायांना लाव."

"का? पोरीच्या तोंडाला काय झाला?"

कलावतीने वळून बघितलं. तिच्या मागे मुली उभ्या होत्या, तिची उद्याची गिऱ्हाइकं. मोहन्याच्या बायका माना पुढे काढून रतनच्या गालाकडे बघत होत्या. त्यांच्यातली एक हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "हळद सोसत नाही म्हणजे कातडीचं काहीतरी असणार. आधी सांगायला हवं होतं." जनाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. मुलाची आई जागेवरून उठायला लागली. मांडवातून हळद परत गेली की लग्नही मोडतं, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं.

"पोरीला काही झालेलं नाही," कलावती मोठ्याने म्हणाली. "तिच्या तोंडाची साल मी काढली. बाटलीतलं ॲसिड लावून. मी मूर्ख बाई आहे, हळद आहे हे विसरले. तिच्या कातडीला काही नाही, असलं तर माझ्या अकलेला आहे." आणि मग मुलाच्या आईकडे वळून म्हणाली, "रंग उजळला तर बरं, असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

मुलाची आई खाली बसली. मागच्या मुलींमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. ॲसिड हा शब्द मांडवाच्या टोकापर्यंत गेला, आणि आता कोळीवाड्यातली एकही मुलगी आपल्या दारात येणार नाही, हे कलावतीला कळून चुकलं.

बायजाने रतनच्या गालावरची हळद पदराने हलक्या हाताने टिपून घेतली. मग ती कलावतीकडे वळली. "नवरीच्या तोंडाला हळद नाय, तर ती हळद नाय. हिच्या तोंडाचा मान आता तू घे." आणि परातीतली मूठभर हळद तिने कलावतीच्या दोन्ही गालांवर, कपाळावर, नाकावर चांगली रगडून लावली. बायका पोट धरून हसल्या. धवलारणीने गाणं पुन्हा सुरू केलं.

कलावतीच्या तोंडाची आग आग झाली. तिचीही साल निघाली होती, हे रतनशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. रतन कळवळून म्हणाली, "मावशी, धुऊन ये गं."

"गप बस," कलावती म्हणाली. तिने दात आवळले. आता ती उठली असती तर मोहन्याच्या बायांना पुन्हा शंका आली असती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गालावरच्या हळदीत त्याच्या वाटा पडत होत्या. ही आग आपण रतनच्या तोंडाला लावली, एवढंच तिच्या मनात येत होतं, आणि तिला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

गाण्याच्या गडबडीत मुलाची आई सरकत सरकत तिच्याजवळ येऊन बसली. "ते बाटलीतलं औषध," तिने कानाशी तोंड आणून विचारलं, "तुमच्याकडेच मिळतं का? माझी धाकटी आहे लग्नाची. ती पण जरा अशीच आहे."

कलावतीने डोळे उघडले. तिने त्या बाईचा हात धरला आणि पदराने आपला गाल पुसून तिची बोटं गालावर टेकवली. गाल तव्यासारखा तापला होता आणि बोटांना कातडीचे बारीक पापुद्रे लागले. बाईने चटकन हात मागे घेतला आणि लुगड्याला पुसला.

मग म्हणाली, "पण उजळतं ना?"

कलावतीने तोंड फिरवलं. परात पुढे ओढली आणि ती रतनच्या पायांना हळद लावू लागली.