गुनेलबाईंच्या गावचा पेपर

मार्सेलिनाच्या हातात कोणी वाचायला काही दिलं, की ती आधी घसा साफ करते. वसईला चर्चमध्ये वाचन करून लागलेली सवय. बाहरीनला येऊन इतकी वर्षं झाली तरी जात नाही. हॉस्पिटलच्या रिसेप्शनला पेशंटचं नाव पुकारते तेसुद्धा असं, की बिचाऱ्याला वाटावं आता प्रवचनच सुरू होणार.

तर जुफैरला, तिच्या बिल्डिंगमध्ये, तिच्याच मजल्यावर गुनेलबाई राहायला आल्या. स्वीडनच्या, ऐंशी ओलांडलेल्या. मुलगा इथे इंजिनियर. त्यांच्या गावचा पेपर पोस्टाने यायचा, चांगला शिळा होऊन, आणि बाईंची नजर तर गेलेली. मार्सेलिना म्हणाली, "मी वाचते की. एबीसीडीच तर आहे." काही अक्षरांच्या डोक्यावर टिंबं होती, ती तिने खुशाल उडवून लावली. अर्थ? मफी, इथल्या अरबीत शून्य.

दर शुक्रवारी कॉफी आणि पेपर. मधेच बाई तिला थांबवायच्या आणि जुनं काढायच्या. त्यांचे वडील छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे, घरी आले तरी बोटं काळीच. तेव्हा गावात दोन पेपर, एक कामगारांचा, एक पैसेवाल्यांचा. कोणाच्या दारात कुठला पडतो यावरून सोयरिकी ठरायच्या. पुढे एक बंद पडला. उरलेलाही दरवर्षी बारीक होत चाललाय.

मार्सेलिनाला आवडायचं ते मागचं पान. छोट्या चौकटी, वर उडणारे पक्षी, शिडाची बोट, फुलं. खाली नाव, दोन तारखा, मग मुला-नातवंडांची रांग. ज्युबिली असणार, दुसरं काय. आपल्याकडे नाही का, पन्नासावी म्हटली की अख्खं खानदान छापतात? ती पान असं खणखणीत वाचायची, की बाजूच्या फ्लॅटमधल्या झोहराने एकदा विचारलंच, "किसकी शादी है?"

एक दिवस तिच्या टिनाने भाषांतराचं ॲप लावून फोन त्या पानावर धरला. "मम्मी, दे आर ऑल डेड."

"काय बोलते? क्रॉस कुठेय?"

"देअर दे पुट बर्ड्स. अँड बोट्स, इफ दे लाइक्ड बोट्स."

मार्सेलिनाने पान पालथं घातलं. वर्षभर ती त्या म्हातारीची माणसं वाजतगाजत पोचवत होती. सॅव्हिओ, म्हणजे तिचा नवरा, जेवता जेवता म्हणाला, "बँड तेवढा राहिला." त्या दिवशी त्याला दुसऱ्यांदा भाजी मिळाली नाही.

आता तोंड कसं दाखवायचं? एक शुक्रवार तिने डोकं दुखतंय सांगून काढला. दुसऱ्या शुक्रवारी बाईंनी स्वतः दार वाजवलं, भिंत चाचपत आलेल्या. मग काय करते, गेली. मागचं पान आलं तसं आवाज खाली आणून, एकेक नाव मातीत ठेवावं तसं वाचायला लागली.

"आज काय झालं? सर्दी?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, मला माहीत नव्हतं. मला वाटलं ज्युबिली. सॉरी."

बाई म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू गेल्यावर इतकी हसले, की आडवी पडले."

"मग सांगायचं ना."

"सांगणार होते. तेवढ्यात त्या पानावर माझ्या मेर्ताचं नाव आलं. शाळेपासूनची मैत्रीण. लग्न नाही केलं तिने, कधी कोणी तिच्यासाठी वाजवलं नाही की नाचलं नाही. तू तिचं नाव नवरीसारखं घेतलंस. मग म्हटलं, राहू दे." त्यांनी कप चाचपून घेतला. "चर्चमध्ये रडायला माणसं आहेत. तू तुझं वाच."

मार्सेलिनाने डोळे पुसले, चष्मा पुसला. पुढच्या चौकटीवर दोन हंस होते, खाली कोणी निल्स. पहिलं अक्षर तिने हळूच घेतलं.

"मोठ्याने," बाई म्हणाल्या. "निल्सला कमी ऐकू यायचं."