राजा-राणीची झोप

आमच्या घरी ऋतू बदललेला कळायचा तो राजवाड्यातल्या प्रदर्शनांवरून. शहराच्या उत्तरेला, हेब्बाळकडे जाताना, झाडांच्या मागे, दगडी बुरुजांचा तो जुना राजवाडा होता. उन्हाळ्यात तिथे आंबे मांडायचे, पावसाळ्याच्या शेवटी फुलं आणि दसऱ्याला बाहुल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला आमचं घर; तिथून बस बदलत आम्ही जायचो. आंब्यांचा वास तिथल्या जाड पडद्यांत फुलांच्या दिवसांपर्यंत मुरून राहतो, असं मला वाटायचं. अजूनही कुठे पिकल्या आंब्यांचा वास आला की मला ते पडदे दिसतात. तेव्हा हे मी कुणाला सांगितलं नाही. मी फारसं काहीच कुणाशी बोलत नसे.

मी दहावीत असताना अम्माची राजा-राणीची जोडी प्रदर्शनात गेली. लग्नात माहेरहून आलेली, रक्तचंदनाची, वीतभर उंचीची जोडी. आमच्यासारख्या इथल्या जुन्या मराठी घरांनी ही रीत कानडी शेजाऱ्यांकडून उचललेली: नवरात्रात दोघांना नवे कपडे घालून सगळ्या बाहुल्यांच्या वर उभं करायचं आणि दसऱ्याच्या संध्याकाळी आडवं करून झोपवायचं. त्याशिवाय सण संपत नाही. अम्माने जोडी हौसेने दिली. प्रदर्शन दसऱ्यानंतरच्या रविवारपर्यंत चालणार, हे तिला मागाहून कळलं.

दसऱ्याला आम्ही दोघी गेलो. बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "उभेच राहिले तर घरी कसे आणू?"

बाहुल्या राजवाड्याच्या दरबारात मांडल्या होत्या. तिथे पोचताच अम्माने दोरीवरून वाकून दोघांना हळूच आडवं केलं, हात जोडले. आम्ही पलीकडच्या लाकडी हत्तींपर्यंत गेलो आणि वळून पाहिलं, तर जोडी पुन्हा उभी. पहारेकरी राणीचा मोत्यांचा सर नीट करत होता.

"अण्णा, मी झोपवलं होतं त्यांना," अम्मा कानडीत म्हणाली.

"अय्यो अक्का, मला वाटलं पडले! सकाळपासून पोरं धक्के देतायत." तो ओशाळला. "पण उभेच ठेवायचे असा हुकूम आहे. दाराशी प्रदर्शनाच्या मॅडम आहेत, त्यांना विचारा. कानडी येत नाही त्यांना. स्वल्प, जरा सांभाळून."

मॅडम कुणालातरी इंग्रजीत झापत होत्या. अम्माने माझ्याकडे पाहिलं.

"मी नाही," मी म्हणाले.

"मग ती इंग्रजी शाळा कशाला? घरात माझ्या चुका काढायला?"

शाळेत मी इंग्रजीतही गप्पच असते, हे तिला ठाऊक नव्हतं. मी गेले. मॅडमच्या चपलांकडे बघत सांगितलं की ती माझ्या आईच्या लग्नातली जोडी आहे, आज त्यांचा सण संपतो, आणि ते झोपले नाहीत तर आज आईलाही झोप लागणार नाही.

"पण लोक तिकीट काढून येतात," मॅडम म्हणाल्या. "पडलेल्या बाहुल्या काय बघायच्या?"

"पडलेल्या नाहीत!" माझा आवाज मलाच मोठा वाटला. "झोपल्यात. उभे राजा-राणी इथे सगळीकडेच आहेत."

मॅडमनी भिंतीवरच्या राजा-राण्यांच्या तसबिरींवरून नजर फिरवली आणि हसल्या. "बरं. पण मग झोपल्यासारखे दिसू देत. काहीतरी पांघरा त्यांना."

मी येऊन सांगितल्यावर अम्मा फक्त "सरी", ठीक आहे, एवढंच म्हणाली आणि तिने पिशवीतून चिमुकली गादी, दोन उशा आणि जरीच्या तुकड्याचं पांघरूण काढलं. घरून निघतानाच तिने ते घेतलं होतं.

रविवारी जोडी आणायला गेलो, तेव्हा दरबारात शाळेची मुलं दंगा करत शिरत होती. तोच पहारेकरी ओठांवर बोट ठेवून त्यांना दटावत होता, "मेल्लगे, मेल्लगे! मलगिद्दारे." हळू, झोपलेत. मुलं खरंच चवड्यांवर चालू लागली.

परतीच्या बसमध्ये अम्माने जोडीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. प्रदर्शनाला नेताना ती तिने मला धरूही दिली नव्हती.