पडवीतली चतुर्थी

मथुरेचा नवरा गलबतावर खलाशी होता. एका पावसाळ्याच्या तोंडी गलबत बंदराला लागलं, तो नव्हता. मथुरा रडली नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, रडेल हळूहळू. ते रडणं कधी आलंच नाही. पुढे दिराच्या चुलीपुढे तिचे दिवस राखेसारखे साचत गेले.

मग मालवणात डॉक्टर गुरुदासांनी पोलिओने पाय लुळे पडलेल्या मुलांसाठी धर्मादाय केंद्र काढलं आणि दिराने तिला तिथे झाडलोटीला धाडलं. डॉक्टरांनी झाडू बाजूला ठेवून तिच्या हातात मुलांचे पाय दिले. आकसलेला सांधा ताणताना पोर कितीही किंचाळो, तिचा हात कापत नसे. डॉक्टरांना तो गुण वाटला. तिला काहीच वाटलं नाही.

केंद्रात सारवलेल्या जमिनीवर तांदळाचं पीठ भुरभुरून मुलांना चालवीत. उमटलेली पावलं डॉक्टर कागदावर उतरवून घेत. कुठलं फरफटतं, कुठलं आत वळतं, ते तासन् तास बघत बसत. त्यावरून लवू चांभार सळया आणि चामड्याचे पट्टे जोडून बूट करी.

तोंडवलीच्या सुगंधाला तसा बूट मिळाला. सहा वर्षांची पोर, जन्म रांगण्यात गेलेला. श्रावणात ती खांबाला धरून उभी राहिली.

भाद्रपदात मथुरा तिला बघायला गेली, तर बूट अंगणात, चपलांच्या रांगेत भिजत पडलेला. आणि पोर आत, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटवीखाली रांगत होती.

"काकी, बूट भायर कित्याक?"

सुगंधाची आजी दारातच बसली होती. "चामडा ता. घरात गणपती बसलेलो आसा. गणपती गेलो काय घालतलव."

"कधी जातलो?"

"आमचो एकवीस दिवसांचो."

मथुरा विधवा, तिला कोणी आत बोलावलं नाही. तिनेच पोरीला उंबऱ्यापाशी घेतलं आणि ढोपरामागे बोटं घातली. शीर दोरीसारखी ताठ झाली होती. ढोपर असंच आकसलं तर बूट चढणार नाही, आणि बूट चढला नाही तर पोर जन्मभर रांगणार.

"काकी, आरतीक मृदुंग वाजता मा? त्येका काय केळीची पानां लावतत?"

"मृदुंग पायात घालतत काय गो?" म्हातारी फणकारली. "मोठी इली शिकवूक!"

आत कोणीतरी हसलं. मथुरेला राग आला नाही.

"मगे पोरीक माझ्याकडे पडवीत देवा. बूट आत येवचो नाय, पोर भायर ऱ्हवतली. मी पण ऱ्हवतंय."

म्हातारीने सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "ऱ्हवांदे, आये."

सुगंधाने मात्र घर डोक्यावर घेतलं. तिला गणपतीपुढे बसायचं होतं, चुलत भावंडांबरोबर झांजा वाजवायच्या होत्या. मथुरेने तिला पडवीत नेलं, पाय चटईवर टेकवला आणि ढोपर दाबून धरलं. पोरीने तिच्या मनगटाला चावा घेतला. मनगट हललं नाही.

रोज तेच. सकाळी ताणणं, मग बूट, मग खांबाला धरून उभं राहणं. करंज्या पानावर ठेवून बाहेर येत. सुगंधा तोंड फिरवून खाई. मथुरेशी ती बोलली नाही, शेवटपर्यंत नाही.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी आत आरती सुरू झाली. पोरांचे आवाज, मृदुंग, कापराचा वास. सुगंधा भिंतीकडे तोंड करून पडली होती, ओठ मात्र आरतीबरोबर हलत होते. ढोपर बरंचसं सरळ झालं होतं. थोडा बाक अजून होता.

मथुरेने त्यावर तळहात ठेवला आणि अंगाचा भार दिला. आत लोक देवाला काय मागत होते, ते तिच्या कानावर पडत होतं. तिच्या हाताखाली शीर तसूभर सैल झाली. तेवढंच तिला कळलं, आणि तिने भार आणखी वाढवला.