जावयाच्या गाडीला गार हवा

न्तोइतीसारखा मेकॅनिक केनियातल्या आमच्या माउआ गावात दुसरा नाही, आणि त्याच्याइतका हट्टीही कोणी नाही. बत्तीस वर्षं तो मिरा, म्हणजे तरतरीसाठी चघळायचा पाला, वाहणाऱ्या पिकअप दुरुस्त करतोय. मी शेजारीच पंक्चर काढतो, त्यामुळे त्याचं बोलणं मला फुकट ऐकायला मिळतं.

मिराच्या डहाळ्या सकाळी तोडून केळीच्या पानांत बांधल्या की नैरोबी गाठायची घाई लागते. कोमेजलेला मिरा कोणी चघळत नाही. म्हणून ड्रायव्हरांना एकच वेड, इंजिनाला गार हवा पाहिजे. हवेची नळी बॉनेटखालच्या तापातून काढून बंपरमागे खाली नेली की गाडी चढावर जरा हलकी पळते, हे खोटं नाही. पण तोंड इतकं खाली आलं की ते धूळ खातं, आणि रस्त्यात पाणी असलं तर पाणी पितं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग आतला पिस्टनचा दांडा वाकतो आणि इंजिन संपतं.

न्तोइती सगळ्यांना हाकलून द्यायचा. "आधी तू नाकाने पाणी पिऊन दाखव, मग बसवतो!"

मग त्याचा जावई मुत्विरी आला. गाडी त्याची स्वतःची आणि घर तेवढ्या एका गाडीवर चालणारं. दोनदा उशीर झाला होता; तिसऱ्यांदा झाला तर माल दुसऱ्याला देईन, असं व्यापाऱ्याने बजावलं होतं. नळी खाली नेऊन द्याल का, असं त्याने मला मध्ये घालून विचारलं. आमच्याकडे जावयाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. न्तोइतीने एक शब्द न बोलता नळी खाली नेऊन बसवली.

मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्याला सांग, घोट्याच्या वर पाणी दिसलं की थांबायचं. माल गेला तरी चालेल."

"तूच सांग की! तुला तोंड नाही का?"

"मी जावयाला शिकवू? काहीतरीच! तू सांग."

मी सांगितलं, पण माझ्या पद्धतीने. "जावईबापू, पाण्यातून जरा जपून हं, सासऱ्याला काळजी वाटते." तो हसला, मीही हसलो. ते हसणं मला आजही खुपतं.

तीन आठवडे मुत्विरी सगळ्यांच्या पुढे होता. नोव्हेंबरच्या पावसात घाटाखालच्या खोलगट रस्त्यावर पाणी आलं. पुढच्या दोन पिकअप पार झाल्या, म्हणून यानेही घातली. मधोमध इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत माल काळवंडला होता. व्यापाऱ्याने दुसरा ड्रायव्हर धरला.

दुसऱ्या दिवशी न्तोइतीने इंजिन उघडलं. दांडा वाकलेला होता. मुत्विरी टोपी हातात धरून उभा होता.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच न्तोइती जावयाच्या डोळ्यांत बघून बोलला. "पाणी दिसल्यावर थांबला का नाहीस?"

"कशाला थांबू, बाबा? तुम्ही अख्ख्या गावाला नाही म्हणता. मला एका शब्दाने अडवलं नाहीत. मला वाटलं, माझ्या गाडीला काही होणार नाही."

न्तोइती खाली बसला. मी माझ्या टायरकडे वळलो; 'थांबायचं' हा त्याचा शब्द मी पोचवलाच नव्हता.