उलटा गोलकीपर

नेलिदा दर रविवारी चिडलेलीच असे. त्रिस्तान नार्वाहा रस्त्यावरच्या रविवारच्या बाजारात फळ्या मांडून जुनी पुस्तकं विकणाऱ्या बाईला चिडायला कारणं कमी पडत नाहीत. कुणी कादंबरी उघडून पानांचे फोटो काढी, कुणी "हे हल्ली फुकट मिळतं" असं तिलाच ऐकवी. पूर्वी शाळा उघडल्या की आईबापांची इथे झुंबड उडायची. आता तिच्याकडे गिऱ्हाईक फिरकायचं ते एका जुन्या क्रीडा साप्ताहिकाच्या बांधीव अंकांमुळे. म्हातारे तासन्‌तास ते चाळत आणि मग लाजेकाजेस्तव एखादी कादंबरी घेऊन जात.

पण तिचा खरा राग याहून जुना होता. तो बापावरचा. धाकटा भाऊ विल्मार गणितात नापास झाला म्हणून बापाने त्याचा फुटबॉलच्या चित्रांचा अल्बम याच रस्त्यावर विकून टाकला. पुरा भरलेला अल्बम! त्यात गोलकीपर ओल्मेदोला विल्मारने मुद्दाम उलटा चिकटवला होता, कारण फायनलमध्ये त्याने पायांमधून गोल सोडला. "कप आणत नाहीस तोवर राहा खाली डोकं वर पाय," असं तो नऊ वर्षांचा पोरगा चित्राला म्हणाला होता. तो अल्बम शोधायचा म्हणून तर नेलिदाने इथे फळ्या मांडल्या. दूरच्या पायसांदू गावाहून भावाचा दर रविवारी फोन येई. "सापडला?" "नाही रे."

त्या रविवारी तो अल्बम बेरुतीच्या काचेच्या कपाटात होता.

बेरुती त्याच रस्त्यावर जुनी पदकं, जर्सी, सामन्यांची तिकिटं विकायचा. मुखपृष्ठावर आईच्या 'माते' नावाच्या कडू चहाच्या भांड्याचा गोल डाग होता, तो पाहूनच नेलिदाने अल्बम ओळखला. तिने तो बाहेर काढून ओल्मेदोचं पान उघडलं. ओल्मेदो छाती काढून सरळ उभा!

"हा उलटा होता," ती म्हणाली.

"होता ना! कुणा मठ्ठ कार्ट्याचं काम. वाफेवर सोडवून सरळ केला, पहिल्या पानावरचं नावही खोडलं. आता बघा काय भाव येतो!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तो मठ्ठ कार्टा माझा भाऊ आहे."

"पुरावा काय, नेलिदाबाई?"

"पुरावा तुम्हीच खोडलात ना!"

"हे बघा, रडारड करून अल्बम मिळत नसतो. त्या साप्ताहिकाचे अंक द्या सगळे, मग न्या."

या माणसाचा डोळा त्या अंकांवर कित्येक वर्षं होता. नेलिदाने ते गठ्ठे उचलून त्याच्यापुढे आदळले. शेजारी तोर्ता नावाच्या पुऱ्या तळणारी सुल्मा ओरडली, "अगं, डोकं फिरलं का तुझं? तुझं पोट त्या अंकांवर आहे!"

"असू दे. मला अल्बम हवाय."

तिने फोन लावला. "विल्मार, सापडला."

पलीकडून त्याने घाबरत विचारलं, "नेली, ओल्मेदो अजून उलटाच आहे ना?"

नेलिदाने सरळ उभ्या ओल्मेदोकडे पाहिलं.

"उलटाच आहे."

"शाबास! राहू दे लेकाला तसाच," विल्मार म्हणाला आणि हसता हसता रडायला लागला.

फोन ठेवून ती सुल्माकडे गेली आणि मूठभर पीठ मागून आणलं. चहासाठी बगलेत बाळगलेल्या थर्मासमधलं कढत पाणी ओतून तिने खळ कालवली, त्याच पाण्याच्या वाफेवर ओल्मेदोची कडा हळूहळू सोडवली. बेरुती धावत आला.

"अहो बाई, काय करताय! कवडीमोल होईल तो!"

"होऊ दे."

"त्याची किंमत मी वाढवली होती! मी!"

नेलिदाने ओल्मेदोला डोक्यावर उभा केला आणि अंगठ्याने गच्च दाबला. मग तिने मान वर केली. आता तिच्या तोंडून 'तुम्ही' निघणं शक्य नव्हतं.

"नऊ वर्षांच्या पोराने दिलेली शिक्षा आहे ही. माफी देणारा तू कोण रे?"