न आलेल्यांचे मामा

समोर हजर असलेल्या माणसाबद्दल इतका निरुत्साही माणूस साऱ्या श्रीवर्धनात दुसरा नसेल. हे माझ्या बायकोचे मामा. मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर मामींसह सुपारीच्या वाडीत येऊन राहिले. कोणत्या औषधाने किती रोगी बरे झाले, हे मोजायचं त्यांचं काम. पण जीव अडकायचा तो तपासणीला यायचे बंद झालेल्या रोग्यांत. "आलेले म्हणणारच, औषध चांगलं. न आलेले का आले नाहीत ते बघा," म्हणत ते विद्यार्थ्यांना पत्ते शोधायला गावोगाव पिटाळत. मी हिशेबी माणूस, पण मलाही हे अति वाटे.

ही खोड वाडीतही आली. आमच्याकडच्या पूजेत हातावर तीर्थ पडायच्या आत विचारत, "कोण नाही आलं?" मग प्रसाद घेऊन त्या घरी हजर. एकदा सुपारी सोलणारी बाई दोन दिवस दिसली नाही, तर हे तिच्या दारात. ती म्हणाली, "लेकीकडं गेलती, मामा. मेली न्हाय अजून!" मामा समाधानाने म्हणाले, "बरं झालं, कळलं."

मग एका वर्षी मामींच्या छातीतली कर्करोगाची गाठ काढली. पुढे ठरावीक महिन्यांनी मुंबईच्या रुग्णालयात तपासणी होती. "माणगावच्या बहिणीला घेऊन जाते, तुम्ही वाडी बघा," असं मामी सांगत आणि परतल्यावर म्हणत, "सगळं ठीक आहे हो." मामांनी कधी रिपोर्ट मागितला नाही. समोर हजर असलेल्या माणसाला काय विचारायचं! प्रत्यक्षात सुयांचा धसका घेतलेल्या मामी बहिणीकडेच राहून परत येत होत्या. कळलं तेव्हा दुखणं हाडांत पोचलं होतं. मामा रागावले नाहीत. पेज भरवत राहिले, ती घशाखाली उतरेनाशी होईपर्यंत.

तेराव्यानंतर म्हणाले, "जावईबापू, मुंबईला येता?" रुग्णालयाच्या खिडकीत त्यांनी मामींचा जुना कागद सरकवला. "ही यायची थांबली ती बरी होऊन नव्हे. वारली. तशी नोंद करा, नाहीतर तुमचे आकडे उगाच चांगले दिसतील."

आतली मुलगी गडबडली. "काका, एवढ्यासाठी श्रीवर्धनहून आलात? आम्ही विचारलंही नव्हतं."

"मी तरी कुठे विचारलं होतं?" मामा म्हणाले.

यंदा आमच्या पूजेला मामा आले नाहीत. आरती होताच प्रसाद घेऊन मी वाडीकडे निघालो. पोचलो तर पायरीवर ती सुपारी सोलणारी बाई आधीच येऊन बसली होती.